ठोक्यांचे चक्र

युरोप-अमेरिकेतल्या घरांत शेकोटीच्या वरच्या फळीवर मांडण्यासाठी जी घड्याळे घडवली गेली, ती कोकणात येऊन कोनाड्यात नाहीतर फडताळावर विसावली. इथे शेकोटी कुठली? नागोठण्याच्या आमच्या घरातले घड्याळ त्यांपैकीच. ॲन्सोनिया या अमेरिकी कंपनीचे, आठवड्याला एकदा किल्ली मागणारे. कंपनी १९२९ साली मोडली आणि तिची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाने विकत घेतली, तेव्हा घड्याळाचे वय शंभरीच्या आसपास तरी असणारच. आजोबांनी ते मुंबईहून आणले, याहून अधिक माहिती घरात कुणाला नाही.

काही वर्षे ते बंदच होते. एका घड्याळजींनी सेलची मशीन बसवण्याचा सल्ला दिला. तबकडी तीच राहील, काटे फिरतील. सल्ला व्यवहाराला धरून होता, परंतु आमचे काम काट्यांशी नव्हतेच. काचबिंदूने आईंची दृष्टी जवळजवळ गेली आहे. रात्री जाग आली की त्या ठोके मोजत. घड्याळ थांबल्यापासून रात्रीतून दोन-तीनदा हाक येऊ लागली, "किती वाजले रे?" बटण दाबले की वेळ सांगणारे घड्याळ आणून दिले, तर ते उशाखाली गेले. "त्याला विचारावं लागतं," हा त्यांचा आक्षेप. आम्हांला तो अगदी रास्त वाटला.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो; दंतचक्रांशी आमचा संबंध आला तो असा, उन्हाळी सुटीत. गुंडाळलेली कमान एकदम सुटली तर बोट मोडू शकते. म्हणून किल्ली घट्ट धरून, खटका सोडत, तिचा ताण थोडाथोडा उतरवावा लागतो. दोन्ही कमानींचे हे काम होईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पेटीच्या तळाशी मऊ गाळाचा थर निघाला. जुलै १९८९ मध्ये अंबेला जो पूर आला, ज्याने वर जांभूळपाड्यात हाहाकार उडवला, त्याचाच हा गाळ असे आईंनी बोटांनी चाचपून सांगितले. तो आम्ही फेकला नाही, एका डबीत ठेवला आहे; का, ते सांगता येणार नाही.

मूळ दुखणे मात्र पुराचे नव्हते, खोबरेलाचे होते. कुणीतरी मायेने घातलेले ते तेल वाळून चिकट डिंक झाले होते. सारे भाग पेट्रोलमध्ये धुतले, आसांची छिद्रे टोकदार बांबूच्या काडीने स्वच्छ केली. एक छिद्र झिजून लांबट झाले होते, ते आमच्या आवाक्यातले नव्हते. रोह्याच्या एका लेथवाल्याने पितळी बूश बसवून दिले.

खरी गंमत ठोक्यांची. या घड्याळात ठोके मोजणारे एक वेगळेच चक्र असते. त्याच्या कडेला वाढत्या अंतरावर खाचा. खाचेत दांडी पडली की हातोडी थांबते. बारा तासांचे अठ्ठ्याहत्तर आणि अर्ध्या तासांचे बारा असे नव्वद ठोके त्याला पाठ असतात, पण काटे कुठे आहेत याचा त्याला पत्ता नसतो. ठोके पडू न देता काटे पुढे सारले तर चाराला तीन वाजू लागतात. मग दांडी हाताने उचलून त्याला एकेक धडा पुढे न्यावे लागते. लंबकाची टिकटिक दोन्ही बाजूंना सारखी येण्यासाठी पेटीखाली पुठ्ठ्याच्या घड्या सरकवल्या. ते काम आईंच्या कानांनी केले, आमच्या नव्हे.

आता घड्याळ आठवड्याला तीन-चार मिनिटे पुढे जाते. रात्रीच्या हाका थांबल्या आहेत. फक्त साडेबारा, एक आणि दीड या तिन्ही वेळांना ठोका एकच पडतो. तेव्हा काय करता, असे आम्ही विचारले.

"दोन होईपर्यंत जागी राहते," आई म्हणाल्या.