सभेची वेळ

23 सप्टेंबर
नोटीस लागली. 2 ऑक्टोबरला ग्रामसभा, आदल्या दिवशी सकाळी अकराला महिला सभा. सोयाबीन काढणीला आलंय, अकराला वस्तीवरची एक तरी बाई घरी सापडेल का? ग्रामसेवकांना म्हटलं, "भाऊ, संध्याकाळी सातला घ्या, वस्तीवरच्या समाजमंदिरात." ते म्हणाले, "ताई, नेहमी कार्यालयातच होते." नेहमी होते, आणि सह्या मागाहून घरोघर फिरून घेतल्या जातात. बराच वेळ बोलल्यावर तयार झाले. दवंडी वस्तीवरही द्यायची ठरली.

25 सप्टेंबर
ग्रामपंचायत अधिनियम पुन्हा काढला. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल ते. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. कामं अडू नयेत म्हणून ही सोय, ते कळतं. तरी मला सगळ्यात जास्त हीच खटकते. माणसं बोलावण्याची गरजच कुणाला उरत नाही. पारावरची पंधरा-वीस मंडळी अख्ख्या गावाचं ठरवतात आणि कागदावर सगळं नियमात बसतं.

राज्यात 2011 पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांना आहेत. मी तशाच जागेवरून निवडून आले. पण माझ्या एकटीच्या खुर्चीने वस्तीवरच्या बायकांचं म्हणणं आपोआप सभेत पोचत नाही.

28 सप्टेंबर
गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाबद्दल वाचलं. तिथे ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात, पटेपर्यंत चर्चा चालते. वेळ लागतो. लागू दे.

1 ऑक्टोबर, रात्री
समाजमंदिर भरून बायका ओट्यावर बसल्या. कुणी जास्त पाणी मागितलं नाही. नळ सकाळी दहाला सुटतो, तेव्हा त्या रानात असतात. सहाला सोडा, एवढंच मागणं.

मग मी पंचायतीच्या स्वउत्पन्नातले वाटे वाचून दाखवले: मागासवर्गीयांसाठी 15 टक्के, महिला-बालकल्याणासाठी 10, दिव्यांगांसाठी 5. पायाने अधू असलेल्या एक मावशी उठल्या. "आमच्या नावचा पैसा असतो, हे आजवर कुणी सांगितलंच नाही." मला फार लागलं ते. निधी दरवर्षी असतो आणि ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच त्याचा पत्ता नाही. दोन ठराव लिहिले: पाण्याची वेळ बदलावी, आणि दिव्यांग निधीचा हिशेब यादीसह ग्रामसभेत वाचावा.

2 ऑक्टोबर
सभेत एक आप्पा म्हणाले, "बायकांचं शेवटी घेऊ." मी तोंड उघडायच्या आत मावशी काठी टेकत उभ्या राहिल्या. "शेवटी कुणी थांबत नाही, आप्पा. आमचं आधी घ्या." घेतलं. पाण्याचा ठराव मंजूर, पुढच्या सोमवारपासून सकाळी सहाला. हिशेब तयार नव्हता. विकास आराखड्याच्या सभेत वाचायचा असं ठरलं, तेही मावशींनी दोनदा वदवून घेतलं.

4 ऑक्टोबर
प्रोसिडिंग वाचलं. पाण्याच्या ठरावाला सूचक आणि अनुमोदक म्हणून वस्तीवरच्या दोघींची नावं आहेत, ते पाहून बरं वाटलं. दिव्यांग निधीपुढे मात्र नुसतं "चर्चा झाली". काय ठरलं, हिशेब कधी वाचायचा, यातलं एक अक्षर नाही. ग्रामसेवकांना दाखवलं. "उद्या दुरुस्त करतो, ताई." उद्या मावशींना घेऊनच जाणार आहे, नोंद त्यांच्यासमोर वाचून व्हायला हवी.