जपानची गाडी, न्यूझीलंडचा घाट

परदेशी राहायला निघालेल्या बाईला सगळ्या जणी स्वयंपाकघराचेच सल्ले देतात. हिंग ने, पोळपाट-लाटणे ने, कुकरच्या दोन रिंगा जास्तीच्या ने. मलाही मिळाले, आणि ते उपयोगीही पडले. पण मैत्रिणींनो, न्यूझीलंडमध्ये पाऊल ठेवल्यावर आठ दिवसांत कळते, की तिथे संसार चुलीवर नाही, चार चाकांवर चालतो!

ह्यांच्या नोकरीच्या निमित्ताने आम्ही २०१६ ते २०१९ अशी तीन वर्षे वेलिंग्टनजवळच्या लोअर हट ह्या गावी राहिलो. गाव देखणे. दोन्ही बाजूंना हिरव्या टेकड्या, मधून हट नदी आणि टोकाला समुद्र. हे सकाळी आगगाडीने वेलिंग्टनला जात. मागे राहत मी, दोन मुले आणि टेकडीवरचे घर. वाणसामान खाली, शाळा एकीकडे, दवाखाना दुसरीकडे. बस होती, पण टेकडीवर ती आपल्या सवडीने यायची. पाऊस आणि वेलिंग्टनचा वारा एकदम सुटला, की छत्री उघडायची सोयच नाही. उलटी होऊन मोडतेच!

तेव्हा गाडी हवी. नवी परवडणारी नव्हती. मग घेतली जपानहून वापरून आलेली. जपानच्या रस्त्यावर ती २००५ साली आली, न्यूझीलंडमध्ये २०११ साली उतरली आणि आमच्या दारात आली तेव्हा अकरा वर्षांची झाली होती.

तुम्ही म्हणाल, जपानची जुनी गाडी इतक्या दूर कशी? त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. जपानमध्ये नवी गाडी तीन वर्षांची झाली की सरकारी तपासणी होते आणि पुढे दर दोन वर्षांनी. ती बरीच खर्चाची. त्यामुळे चांगल्या चालत्या गाड्याही लोक लवकर बदलतात. जपानमध्ये वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि न्यूझीलंडमध्येही तसेच. म्हणजे स्टिअरिंग उजवीकडेच. पूर्वी न्यूझीलंडमध्ये गाड्यांची जुळणी होत असे. आमच्या हट खोऱ्यातच सीव्ह्यू येथे फोर्डचा कारखाना १९३६ मध्ये सुरू झाला, तो १९८८ मध्ये बंद पडला. त्याच सुमारास आयातीचे निर्बंध सैल झाले आणि जपानच्या वापरलेल्या गाड्यांची रीघ लागली. १९९८ मध्ये गाड्यांवरची जकातच उठली आणि त्याच वर्षी उरलेसुरले जुळणीचे कारखानेही मिटले.

ह्या गाड्या धुऊनपुसून, तपासूनच देशात घेतात. नुसती यंत्रे नव्हे, किडेसुद्धा तपासतात! २०१८ च्या फेब्रुवारीत तर जपानहून गाड्या घेऊन आलेली जहाजे ढेकणासारख्या एका शेतीनाशक किड्यापायी ऑकलंडहून परत पाठवली होती. फळबागांवर जगणारा देश, तो जपणारच.

आमच्या गाडीची चावी फिरवली की आतून एक जपानी बाई अतिशय गोड आवाजात काहीतरी सांगायची. मुलांना वाटे, ती ‘नमस्कार’ म्हणते. पुढे कळले, की जपानमधला रस्त्याचा टोल भरायचे कार्ड यंत्रात घातलेले नाही, अशी ती तक्रार करते! नकाशाच्या पडद्यावर जपानच. रेडिओची गत अशीच. जपानमधल्या त्या वेळच्या गाड्यांचा एफएम ७६ ते ९० पर्यंतच लागतो आणि न्यूझीलंडची केंद्रे ८८ ते १०८ मध्ये. त्यासाठी लहानशी डबी जोडून घ्यावी लागते. ती जोडेपर्यंत आम्ही आपली गाणी आपणच म्हणत होतो.

पण खरी मेख असते ती सुट्या भागांची. होंडाची आपल्याकडे ‘जॅझ’ म्हणून आलेली गाडी जपानमध्ये ‘फिट’. टोयोटाची जपानी ‘विट्झ’ बाहेर ‘यारिस’, माझदाची ‘डेमिओ’ बाहेर ‘माझदा २’. नावे सोडा, आतले भागही कधी कधी वेगळे. तिथे बरीच वर्षे राहिलेल्या एका मराठी वहिनींनी मला पहिल्याच भेटीत बजावले होते, “अहो, दुकानात गाडीचं नाव सांगत बसू नका. चासीचा नंबर सांगा! पोराच्या शाळेचा दाखला असतो ना, तसा तो.” त्या दिवसापासून तो नंबर माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होता.

त्याचा उपयोग झाला तो रेमुटाकाच्या घाटात. एप्रिलची शाळेची सुट्टी होती. मुलांना डोंगरापलीकडच्या फेदरस्टन गावी जुने आगगाडीचे इंजिन दाखवायला नेत होते. अप्पर हट मागे पडले की रस्ता डोंगर चढू लागतो. माथा ५५५ मीटरांवर. आपल्याला सह्याद्रीच्या घाटांची सवय असते, तेव्हा आकडा मोठा वाटत नाही. पण एकामागून एक आवळ वळणे, एका हाताला दरी आणि वारा असा, की गाडी बाजूला ढकलली जाते. ह्याच डोंगरात १८८० साली वाऱ्याने आगगाडीचे डबे रुळांवरून उलथले होते आणि त्यात लहान मुले दगावली होती.

माथा जवळ आला आणि उष्णता दाखवणारा काटा हळूहळू वर सरकू लागला. मागे मुले भेंड्या खेळत होती. मी खिडक्या उघडल्या आणि आतला हीटर पूर्ण सोडला. त्यामुळे इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाते. पुढच्या रुंद जागेत गाडी घेऊन इंजिन बंद केले. बॉनेट उघडली तर वाफ! अशा वेळी रेडिएटरचे झाकण उघडायचा मोह होतो. पण आपण कुकरवाल्या बायका. शिट्टी निवल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आत तसेच दाबाखाली उकळते पाणी असते. चेहरा भाजून निघेल.

पाऊण तास थांबलो. थंडीत मुले कुडकुडत होती, मोबाइलला रेंज येत-जात होती. इतक्यात शेतावरच्या कामाची गाडी चालवणारी एक प्रौढ बाई थांबली. तिने डब्यातले पाणी दिले. इंजिन निवल्यावर आम्ही ते भरले. उतारभर ती माझ्या मागून, माझ्याच चालीने आली आणि फेदरस्टनच्या गॅरेजपाशी सोडून, हात हलवून निघून गेली. नावही विचारायचे राहिले.

गॅरेजवाल्याने बोट ठेवून दाखवले. रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीला केसासारखी चीर गेली होती. हे प्लॅस्टिक वर्षानुवर्षे तापून तपकिरी पडते, मग ठिसूळ होते. म्हणाला, वयच झाले आहे त्याचे. मी चासीचा नंबर पुढे केला. फोनवर दोन मिनिटांत नेमका रेडिएटर सापडला. तो वेलिंग्टनहून दुसऱ्या दिवशी येणार होता. भंगारातल्या गाडीचा स्वस्तात मिळेल का, असे मी विचारले. त्यावर तो जे बोलला ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. आरसा, दाराची मूठ, दिव्याची काच, खुर्ची हे खुशाल भंगारातून घ्या. पण पाण्याची नळी, रेडिएटर, ब्रेक ह्यांपैकी काहीही जुने घेऊ नका. जुन्याच्या जागी जुनेच बसवले, तर दुखणे फक्त पुढे ढकलले जाते.

गाडी तिथे ठेवली. मुलांना ते इंजिन दाखवले. उभ्या चढणीवर मधल्या तिसऱ्या रुळाला धरून चढणारे ते फेल पद्धतीचे इंजिन, जगात शिल्लक राहिलेले एकमेव. १८७८ ते १९५५ अशी ७७ वर्षे ह्या पद्धतीने गाड्या डोंगर चढत. मग बोगदा झाला. त्याच ८.८ किलोमीटरच्या बोगद्यातून दुपारच्या आगगाडीने आम्ही घरी परतलो.

रात्री हे म्हणाले, “विकून टाकू या. रोजची कटकट.” बोलणे खोटे नव्हते. तिकडे कारागिराचा तासच शंभर डॉलरच्या वर जातो. पण गाडी गेली की माझे शाळेतले तीन दिवसांचे मदतनिसाचे काम गेले, शनिवारी मुलांना मराठी शिकवायला जाणे गेले आणि मी पुन्हा टेकडीवर! मी गाडीची वही पुढे ठेवली. पहिल्या दिवसापासूनचा तेल, टायर, तपासणी असा सगळा खर्च तीत होता. बेरीज केली, नव्या गाडीच्या हप्त्यांशी ताडून पाहिली. ह्यांनी वही मिटली आणि म्हणाले, “परवा आणायला जाऊ.”

गाडी घेऊन आम्ही तसेच पुढे ग्रेटाउनच्या रस्त्याला लागलो. वाटेत एक स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे जपानी कैद्यांची छावणी होती. २५ फेब्रुवारी १९४३ रोजी गोळीबार झाला, त्यात ४८ कैदी आणि एक पहारेकरी मृत्यू पावले. आम्ही तिथे उभे होतो आणि रस्त्यावरून गाड्या जात होत्या, बहुतेक जपानी. माझा मुलगा म्हणाला, “आई, आपली गाडीपण तिकडचीच ना?” काय सांगणार? मी त्याचा हात धरून उभी राहिले.

तुमच्यापैकी पुष्कळींची लेक, सून नाहीतर भाऊ तिकडे असेल. त्यांना एवढे जरूर कळवा. न्यूझीलंडमध्ये गाडी परवानाधारक विक्रेत्याकडून घ्यावी. काचेवर माहितीचा कागद लावलेला असतो, तो वाचावा. गाडीत दोष निघाला तर १९९३ च्या ग्राहक हमी कायद्याचा आधार मिळतो. तो खाजगी माणसाकडून घेतलेल्या गाडीला नाही. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावी. दाराच्या कडा आणि डिकीतल्या गालिच्याखाली गंज शोधावा. जपानमधल्या बर्फाळ भागातून आली असेल तर रस्त्यावरच्या मिठाने खाली गंज धरलेला असतो. इंजिनात टायमिंग बेल्ट आहे की साखळी, ते विचारावे. बेल्ट असेल तर साधारण लाख किलोमीटरला बदलावा लागतो. तो बदलल्याची चिठ्ठी बहुधा इंजिनाजवळच चिकटवलेली असते. भाषा जपानी असली तरी आकडे वाचता येतात.

आणि तिथली ‘वॉरंट ऑफ फिटनेस’ ही तपासणी म्हणजे गाडीची देखभाल नव्हे. आमच्या गाडीची ती वर्षातून एकदा होई. त्यात ब्रेक, दिवे, पट्टे, गंज आणि टायर बघतात. टायरच्या नक्षीची खोली निदान दीड मिलिमीटर लागते. काही खोट निघाली तर २८ दिवसांत दुरुस्त करून पुन्हा दाखवायची. पण इंजिनातले तेल कधी बदलले, पाणी किती उरले, हे कोणी विचारत नाही. ते घरच्यांनीच बघायचे. आठवड्यातून एकदा, भाजी आणायला निघण्याआधी. दोन मिनिटे लागतात.

परत निघताना ती गाडी आम्ही फिलिपिन्सहून नुकत्याच आलेल्या एका परिचारिकेला दिली. तिची रात्रपाळी असायची आणि त्या वेळी बस नसे. किमतीची घासाघीस फारशी झालीच नाही. चावी घेतल्यावर तिने हिशेबाची वही मागितली. शेवटच्या पानावर मी इंग्रजीत चासीचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दिला आणि खाली त्या फेदरस्टनच्या गॅरेजचा पत्ता.