अर्थिंगला पाणी घातलं का?

मेच्या शेवटच्या आठवड्यात भाचा आईला सोडायला पुण्याहून शेवगावला आला. इथून तो मित्रांबरोबर भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणार होता. सॅकमधून त्यानं एक काळी, पातळ चटई काढली. चटईला वायर आणि वायरीच्या टोकाला वीतभर स्टीलची सळई.

"मामा, ही अर्थिंगची चटई. सळई जमिनीत खोचायची आणि रात्रभर चटईवर झोपायचं. शरीर जमिनीला जोडलं जातं. तुम्ही तर अर्थिंगवालेच, तेवढं चेक करून द्या."

माझं शेवगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि वायरिंगची कामंही घेतो. आमच्याकडे 'अर्थिंग' हा शब्द आरोग्याशी कधी जोडला गेला नाही. होळी झाली, जमिनीला भेगा पडायला लागल्या की फोन सुरू होतात : "मोटारीला करंट उतरलाय", "पेटीला हात लावला तर झिणझिण्या येतात." माझा पहिला प्रश्न ठरलेला : "अर्थिंगला पाणी घातलं का?" निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

भाच्याच्या चटईला मीटर लावला. वायरीत मधेच एक लाख ओहमचा रेझिस्टर बसवलेला निघाला. हे मला ओळखीचं होतं. मोबाइल दुरुस्त करणारी पोरं मनगटाला जो पट्टा बांधतात, त्यातही असाच मोठा रेझिस्टर असतो. कोरड्या हवेत कपड्यांच्या घर्षणानं अंगावर साठलेली स्थिर वीज त्यातून हळूच निघून जाते. चुकून चालू तारेशी संबंध आलाच, तर २३० व्होल्टला एक लाखानं भागा : दोन-सव्वादोन मिलिअँपिअर. झिणझिणी येईल, जीव जाणार नाही. म्हणजे चटई करते ते एवढंच : अंग आणि जमीन एका पातळीवर आणते. अनवाणी पाय तेच काम फुकटात करतात.

या चटयांमागचा विचार पसरवला तो अमेरिकेतल्या क्लिंट ओबर नावाच्या केबल टीव्हीच्या धंद्यातल्या माणसानं. त्याचं सहलेखकांबरोबरचं पुस्तक २०१० साली आलं. केबलला अर्थिंग केलं की चित्रातली खरखर जाते, मग माणसाला केलं तर, असा तो विचार. झोप सुधारते, सूज उतरते, असं सांगणारे प्रयोग झालेत. पण ते मोजक्या माणसांवरचे आहेत आणि त्यांतल्या काहींमागे हाच माल विकणाऱ्यांचे हितसंबंध आहेत. त्यावरून औषध म्हणून हमी देता येत नाही. ओल्या गवतावर अनवाणी चालून बरं वाटतं, हे मात्र मला पटतं. मलाही वाटतं.

भाच्याला म्हटलं, "चटई ठीक आहे. ती वायर कापून रेझिस्टर मात्र काढू नकोस. आणि हॉटेलात, घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी बोर्डाच्या तिसऱ्या भोकात ती खुपसू नकोस." आपल्याकडे बऱ्याच बोर्डांत ते तिसरं भोक रिकामंच असतं. काही महाभाग त्यात न्यूट्रलचाच तुकडा जोडून मोकळे होतात. तो न्यूट्रल मागे कुठं तुटला, की चालू पंख्या-बल्बातून येणारा करंट थेट त्या अर्थिंगच्या भोकात हजर.

मग मी विचारलं, "तिथं लाइट कुठून घेणार?"

"जनरेटर असतो. कॅम्पवाला वायरी ओढून देतो प्रत्येक टेंटला."

माझी खरी काळजी इथं सुरू झाली. कारण अशीच एक सळई मी पूर्वी बघितली होती.

एलईडी बल्ब खेड्यात यायच्या आधीची गोष्ट. गाळपाचा हंगाम संपत आला होता. शेवगाव तालुक्यातल्या एका मुरमाड माळावर ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडलेल्या. सकाळीच मुकादमाचा फोन आला : शेळी मेली, पाचटात काही विषारी खाल्लं म्हणावं तर तोंडाला फेस नाही. गेलो. कोपीत शंभराचा बल्ब अजून चालूच होता. एक वायर वरच्या तारेवर आकडा टाकून आणलेली, न्यूट्रलचा पत्ता नाही. दुसरी वायर जमिनीत ठोकलेल्या सळईला गुंडाळलेली. सळईभोवतीची माती पांढरट. एका मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "बल्ब लाल पडायचा, बापू. मीठ-पाणी घातलं की लख्ख व्हायचा. रोज संध्याकाळी एक तांब्या घालत होतो."

सळईला टेस्टर लावला, पेटला. एका ढांगेवर खिळा खोचून सळई आणि खिळ्यामधे मीटर लावला, ऐंशी व्होल्टच्या घरात. रात्रीचं पाणी मुरमानं पिऊन टाकलं होतं, मीठ तेवढं वर राहिलं होतं. त्या मिठाच्या ओढीनं शेळी सळई चाटायला गेली. तोंड सळईला, पाय बाहेर. रोज संध्याकाळी तांब्या घेऊन तिथंच अनवाणी उभ्या राहणाऱ्या मावशी कशा वाचल्या, याचं उत्तर एकच : त्यांनी सळईला हात लावला नव्हता.

मावशींना नकळत एक अचूक प्रयोग सापडला होता. बल्बचा उजेड हे त्यांचं अर्थ टेस्टर होतं. चार फूट खोल गाडलेली, बोटभर जाड सळई वाफशावरच्या काळ्या मातीत साधारण ३५ ओहमचा अडथळा देते. तीच सळई कोरड्या मुरमात सातशेच्या घरात जाते. शंभराच्या बल्बचा स्वतःचा अडथळा सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त व्होल्टेज बल्बाऐवजी जमीनच खाते. आणि त्यातलं तीन चतुर्थांशाहून अधिक सळईभोवतीच्या पहिल्या मीटरभरातच. मंद पडलेला बल्ब सांगत असतो की पायाखालची जमीन जिवंत झाली आहे.

आमची काळी जमीन तर आणखी फसवी. पावसाळ्यात ती सळईला घट्ट मिठी मारते. चैत्रात भेगाळली की माती आकसते, पाइप आणि तिच्यात बोटभर फट पडते. खड्डा तोच, कोळसा-मीठ तेच, पाइप तोच; अर्थिंग मात्र नाही. म्हणून भारतीय मानक ३०४३ पाइप अडीच मीटर खोल न्यायला सांगतं, जिथं ओल टिकते. म्हणून पाणी घालायचं.

आता सगळ्यांच्या मनातला मोठा गैरसमज. लोकांना वाटतं, करंट जमिनीत जिरतो. पाणी जिरतं, करंट जिरत नाही. तो जिथून निघाला तिथं परत जायची वाट शोधतो. महावितरणच्या डीपीवर ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल जमिनीत गाडलेला असतो. म्हणून तुम्ही शेवगावच्या शेतात फेजला हात लावला, की करंट तुमच्या अंगातून पायात, पायातून जमिनीत आणि जमिनीतून त्या डीपीकडे जातो. ओल्या माणसाच्या अंगाचा अडथळा हजार ओहम धरला, तर २३० मिलिअँपिअर. दहाच्या आसपास हाताची पकड सुटत नाही, तिसाच्या पुढं श्वास अडकतो, पन्नास-शंभरात हृदयाचा ताल जातो. अनवाणी पाय, ओली माती, हेच जे आरोग्याच्या चटईला हवं, ते करंटलाही हवं.

आणि सळई ठोकली म्हणजे वाचलो, असंही नाही. करंट उतरलेल्या पत्र्याला ३५ ओहमची उत्तम सळई जोडली तरी साडेसहा अँपिअर वाहतात. १६ अँपिअरची एमसीबी त्याला धूप घालत नाही. मुरमात तर तिसरा हिस्सा अँपिअर. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नाही. माणसासाठी आरसीसीबी. जाणारा आणि येणारा करंट ती सतत तोलते आणि ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली की क्षणात पडते. तिसरा हिस्सा अँपिअर तिला डोंगराएवढा.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून नाथांची पालखी निघते आणि हादगाव, लाडजळगाव असा आमच्या तालुक्यातून तिचा मार्ग आहे. मुक्कामाला दिंड्यांचे ट्रक उभे राहतात, लोखंडी पाइपांवर पालं पडतात. शेजारच्या घरातून वायर ओढलेली, जोड चिकटपट्टीचा, तो चिखलात. पाइपाला बांधलेल्या तारेवर ओली लुगडी वाळत घातलेली. वारकरी अनवाणी. मी एक पेटी करून ठेवली आहे : प्लॅस्टिकचा डबा, आत ३० मिलिअँपिअरची दोन पोलची आरसीसीबी, एक एमसीबी, तीन सॉकेट. दिंडीच्या चालकाला म्हणतो, "माउली, वायर घरातून घ्या, पण ह्या पेटीतूनच पुढं न्या." एका पावसाळी रात्री ही पेटी चार वेळा पडली. लोक वैतागले. "तुमची पेटी खराब आहे." पाचव्यांदा मी वायर हातभर हातभर तपासत गेलो. ट्रकच्या फाळक्याखाली दबून वायरीची साल निघाली होती, ती फाळक्याला टेकलेली. त्या फाळक्याला धरून माणसं रात्रभर चढत-उतरत होती.

जनरेटरचं गणित मात्र वेगळं, आणि भाच्याला हेच समजावून सांगायचं होतं. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बहुधा कशालाच जोडलेला नसतो. करंटचं घर म्हणजे ते मशीन, जमीन नव्हे. त्यामुळं एका तारेला हात लागला तरी परतीची वाट नाही आणि शॉक लागत नाही, तारेवरच्या पाखरासारखं. लोक म्हणतात, "आमच्या जनरेटरला शॉकच नाही." पण एक वायर कुठंतरी चिखलात सोलली गेली, की वाट अर्धी तयार झाली. ते कुणालाही कळत नाही. दुसऱ्या तारेला हात लावणारा ती पूर्ण करतो. अशा जनरेटरवर आरसीसीबी लावली आणि तिचं टेस्ट बटन दाबलं, तर ती झोकात पडते. कारण बटनाची वाट तिच्या पोटातच असते. पहिला बिघाड मात्र तिला दिसत नाही. त्यासाठी जनरेटरचा न्यूट्रल त्याच्या बॉडीला जोडावा लागतो. हे काम जाणत्या वायरमननं, त्या मशीनचं पुस्तक वाचून करायचं. जनरेटरशेजारी नुसती सळई ठोकून फोटो काढला, तर फक्त फोटो मिळतो.

आणि वीज वरून आली तर? नाथसागराच्या कडेनं मेंढ्यांचे वाडे बसतात, धनगर जमिनीवरच झोपतात. वीज झाडावर किंवा माळावर पडली की सळईसारखाच जमिनीत व्होल्टेजचा उतार तयार होतो, फक्त लाखोंचा. दोन पायांतलं अंतर जितकं जास्त, तितका अंगातून करंट जास्त. म्हणून चार पायांची जनावरं आधी जातात. नॉर्वेत ऑगस्ट २०१६मध्ये एकाच वादळात ३२३ रेनडिअर एका जागी मेले. तेव्हा गडगडाट ऐकू आला की झाड सोडा, चटई गुंडाळा, बंद गाडीत बसा. गाडी नसेल तर पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडू नका. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप आधी इशारा देतं, ते मोबाइलमध्ये असू द्या. तंबूचा लोखंडी खांब हे अर्थिंग नव्हे.

भाचा चटई घेऊन गेला, बरोबर माझी पेटीही. परत आल्यावर सांगत होता, कॅम्पवाल्यानं पेटी बघितली आणि विचारलं, "हे कशाला?" त्यानं समजावून सांगितलं. कॅम्पवाल्याला पटलं की नाही, ठाऊक नाही. पण त्यानं सोललेली एक वायर बदलली.

दिवाळी झाली की टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतील, कोप्या पडतील. थंडी पडली की शहरातली पोरं तंबू घेऊन किल्ल्यांवर जातील. जमिनीवर झोपा, खुशाल झोपा. पण तुमच्या आणि उघड्या वायरीच्या मधे ३० मिलिअँपिअरची एक आरसीसीबी असू द्या. घरातल्या आरसीसीबीचं टेस्ट बटन महिन्यातून एकदा दाबा. पडली नाही तर त्याच दिवशी बदला. बल्ब मंद झाला म्हणून सळईला मीठ-पाणी घालू नका, आकडा काढा. आणि होळीनंतर मोटारीच्या अर्थिंगला पाणी नक्की घाला. फक्त आधी मेन स्विच पाडा, मगच तांब्या उचला.