ढग बंद, झाडं बंद, विमान सुरू

आमच्या तळमजल्यावर यंत्रमाग आहेत, त्यामुळे वरच्या खोलीतलं कुठलंही यंत्र वर्षभर कापसाचे तंतू खातं. माझा संगणक घरात आला तेव्हाच जुना होता. कोअर टू ड्युओ ई7400 प्रोसेसर, जी41 चिपसेटचा मदरबोर्ड, 2 जीबी रॅम, आणि ग्राफिक्स कार्ड वेगळं नाहीच. बोर्डातलं जे आहे तेवढ्यावर भागवायचं. एका कार्यालयाने मोडीत काढलेल्या संचांमधला तो एक. बिलं करायला आणि सुताचा हिशोब ठेवायला घेतला होता. रात्री खालचे माग थांबले की मी त्यावर विमान उडवू लागलो.

नवे सिम्युलेटर या यंत्राच्या आवाक्यात नव्हते. मायक्रोसॉफ्टचा 2020 चा फ्लाइट सिम्युलेटर किमान 8 जीबी रॅम आणि डिस्कवर 150 जीबी जागा मागतो. माझी अख्खी हार्ड डिस्क तेवढी नव्हती. म्हणून फ्लाइटगिअरकडे वळलो. 1996 मध्ये काही हौशी मंडळींनी मांडलेल्या प्रस्तावातून हा प्रकल्प उभा राहिला, 1997 पासून त्याच्या आवृत्त्या येत गेल्या. फुकट आहे, आणि त्याचा सोर्स कोड कुणीही उघडून वाचू शकतो. मी लुबंटू या हलक्या लिनक्सवर त्याची एक जुनी आवृत्ती बसवली आणि आजही तीच वापरतो.

सुरुवातीला पडद्यावर सेकंदाला तीन-चार फ्रेम येत. विमान वळवलं की क्षितिज झटक्याझटक्याने सरके. मग मी एकेक गोष्ट बंद करत गेलो. आधी त्रिमितीय ढग. मग झाडं, घरं, पाण्यावरची चकाकी. पडद्याचा आकार 800 बाय 600 वर आणला, दृश्यमानता दहा-बारा किलोमीटरवर. 2 जीबी रॅम संपली की लिनक्स हार्ड डिस्कवर सामान हलवायला लागतो आणि नेमकं उतरताना सगळं गोठतं, म्हणून जुन्या बाजारातून आणखी 2 जीबीची पट्टी आणून घातली. बारा-पंधरा फ्रेम मिळू लागल्या. वडील एकदा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "बरोबर करायलास. साधं कापड भराभर निघतंय. नक्षीची चादर म्हटली की माग हळूच चालणार की." मला इतक्या थोडक्यात ते सांगता आलं नसतं.

पण खरी गोष्ट मला नंतर कळली, आणि तिच्यासाठीच हे लिहितो आहे. फ्लाइटगिअरमध्ये चित्र काढणारा भाग वेगळा आणि विमानाचं गणित करणारा भाग वेगळा. सेसना 172 चं गणित जेएसबीसिम नावाचा भाग करतो, आणि तो सेकंदाला 120 वेळा ते करतो: पंखावरची उचल, हवेचा रोध, इंजिनाची ताकद, वजन, वारा. पडद्यावर दहा फ्रेम येवोत की साठ, हे 120 हिशोब होतच राहतात. हे गणित इतकं हलकं आहे की पंधरा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर ते सहज पेलतो. चित्र अडखळतं, विमान अडखळत नाही. दृश्य उघडंबोडकं झालं आणि माझं लक्ष आपोआप वेगाच्या काट्याकडे, उंचीच्या काट्याकडे, नाकाच्या कोनाकडे गेलं. भारी कार्ड असतं तर मी बहुधा ढगच बघत बसलो असतो.

सोलापूरचा उन्हाळा मला इथेच नव्याने समजला. फ्लाइटगिअरमध्ये हवामानाची ओळ हाताने लिहून देता येते. मी तापमान 42 लिहिलं, वारा शून्य ठेवला आणि होटगी रोडच्या आपल्या विमानतळावरून उड्डाण केलं. सेसना धावतच राहिली. जमीन सुटली तरी चढायला तयार नव्हती. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार फुटांवर आहे. तिथे प्रमाणित हवेचं तापमान 12 अंश धरतात. आपल्याकडे मे महिन्यात त्याहून 30 अंश जास्त, आणि दर अंशामागे साधारण 120 फूट धरले तर विमानाच्या लेखी सोलापूर पाच हजार फुटांवर जातं. म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंच! हवा विरळ, म्हणून पंखांना आधार कमी आणि इंजिनालाही दम कमी. तापमान 15 करून पुन्हा उडालो, तेव्हा तेच विमान झपकन वर गेलं. हे सगळं झाड-ढग नसलेल्या त्या मातकट पडद्यावर दिसलं.

त्याच उन्हाचा त्रास खऱ्या संगणकालाही होतो. दुपारी पत्र्याखालच्या खोलीत प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो आणि फ्रेम निम्म्यावर येतात. हीटसिंकच्या पात्यांमध्ये तंतूंची गादीच बसलेली असते. जुन्या दात घासायच्या ब्रशने ती काढायची, थर्मल पेस्ट नवी लावायची, डब्याची एक बाजू उघडी ठेवायची. उन्हाळ्यात हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. गंभीर उड्डाणं मी रात्रीच करतो.

फ्लाइटगिअरची भूमी दहा-दहा अंशांच्या तुकड्यांत मिळते. सोलापूरचा तुकडा उतरवला तर त्यातच मुंबई, पुणे, गोवा, हैदराबाद आणि बेंगळुरूही आली. चेन्नई थोडक्यात बाहेर राहिली. मात्र या जुन्या नकाशात बारकावे नाहीत. सिद्धेश्वर तलाव नव्हता, भुईकोट किल्ला नव्हता. धावपट्टी मात्र होती, आणि प्रत्यक्षात तिच्यावर नियमित विमान नव्हतं. किंगफिशरची मुंबईची सेवा काही काळ चालून बंद पडली होती. गावात बोलणं व्हायचं ते चिमणीचं. कुमठ्याच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची ती चिमणी सुमारे नव्वद मीटर उंच होती आणि उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत येत होती. विमान हवं म्हणणारे एका बाजूला, ज्यांचा ऊस तिथे जातो ते दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजूची माणसं आमच्याकडे चहाला यायची.

म्हणून मी ती चिमणी माझ्या नकाशात उभी केली. बारा बाजूंचा एक साधा दंडगोल, कारण जास्त बाजू काढल्या की बोर्डातल्या ग्राफिक्सवर ताण येतो. मग त्या तुकड्याच्या यादीत एक ओळ: मॉडेलचं नाव, रेखांश, अक्षांश, उंची. उतरणारं विमान साधारण तीन अंशांच्या उतारावर येतं. या हिशोबाने जमिनीला टेकायच्या जागेपासून 1,700 मीटर अलीकडे ते जेमतेम 90 मीटरवर असतं. आकडा कागदावर वाचणं वेगळं, आणि वेग सांभाळत खाली येताना समोर राखाडी दांडा वाढत जाताना बघणं वेगळं. वाद कशावर आहे ते मला त्या दांड्याने दाखवलं. कारखान्याच्या सभासदांचं म्हणणं त्याने खोटं ठरलं नाही. ते पडद्यावर दिसण्यासारखं नव्हतं, एवढंच.

15 जून 2023 रोजी ती चिमणी पाडली. यादीतली ओळ मी दोन दिवस तशीच ठेवली आणि मग काढून टाकली. सप्टेंबर 2024 मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं आणि 9 जून 2025 ला फ्लाय91 कंपनीचं एटीआर विमान गोव्याहून आलं. आता त्याचा आवाज आला की वडीलही गच्चीवर येतात आणि मला विचारतात, "आता किती उंचीवर असेल रे?" मी उतार धरून अंदाज सांगतो.

सध्या मी हाच गोव्याचा मार्ग सेसनाने उडवतो आहे. सरळ रेषेत तीनशे किलोमीटर, साधारण दीड तास. जत, अथणी, संकेश्वर, आजरा असं करत आंबोलीजवळ सह्याद्रीचा कडा येतो. सोलापूरच्या सपाटीवर पंधरा फ्रेम देणारं यंत्र तिथे सातवर येतं, कारण डोंगराच्या जाळीत त्रिकोण फार. तिथे दृश्यमानता आणखी कमी करतो आणि काट्यांवर उडतो. अडचण पुढे आहे: गोव्यातला मोप्याचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला, माझा नकाशा त्याच्या कितीतरी आधीचा, त्यामुळे तिथे नुसतं पठार आहे. तूर्त गोव्याच्या जुन्या विमानतळावर, दाबोळीला उतरतो. मोप्याच्या धावपट्टीची दोन्ही टोकं आणि उंची मिळवली आहे. त्या पठारावर एक सपाट पट्टी तयार करायला घेतली आहे, तीही शक्य तितक्या कमी त्रिकोणांत.