बंदर बंद असताना

मालवणला राहतो म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर हेवा दिसतो. त्याला तारकर्लीची वाळू, तव्यावरची सुरमई आणि सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघालेली होडी आठवत असते. यातलं काहीच खोटं नाही. पण मला हे गाव उमगलं ते जून-जुलैत, यातलं काहीही मिळत नाही तेव्हा.

१ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते. त्याआधीच होड्या वाळूवर ओढून झापांखाली नाहीतर प्लास्टिकखाली झाकलेल्या असतात. किल्ल्याची होडी वाहतूकही थांबते. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर ज्याचं काम सुरू केलं तो हा किल्ला धक्क्यावरून हाकेच्या अंतरावर दिसतो. आत आजही काही कुटुंबं नांदतात आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना भर समुद्रात गोडं पाणी आहे. पण मधलं पाणी खवळलं की ते हाकेचं अंतरही कापता येत नाही. आमच्याकडे कुणाला त्याचं नवल वाटत नाही. समुद्र नाही म्हणाला की नाही, एवढं इथल्या लहान पोरालाही कळतं.

एरवीही दिवस समुद्राच्याच वेळेवर चालतो. भरतीची वेळ काढायला जुन्या माणसांना कागद लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, झालं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पाणी चढलेलं. थोडं मागेपुढे होतं, पण कालवं काढायला जाणाऱ्या बाईचं त्यावर भागतं. ओहोटीला खडक उघडे पडले की ती तिथे उकिडवी बसते, लोखंडी हत्याराने शिंपला फोडते, आतलं बोटाएवढं मांस डब्यात टाकते. पाणी घोट्याला लागेपर्यंतच तिचा कामाचा दिवस. बाजारात कालवांच्या वाट्याचा भाव करताना ही उन्हातली बैठक ज्याने पाहिली आहे, त्याची जीभ घासाघीस करायला वळत नाही.

पावसाळा सरला की दांडीच्या किनाऱ्यावर रापण लागते. एका दोराचं टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून परत येते. मग दोन्ही दोरांवर माणसांच्या रांगा. टाचा वाळूत रुतवून, अंग मागे टाकून, एका लयीत ओढायचं. जाळं आत आलं की आधी पाण्यावर चकाकी दिसते, मग पेडवे, तारली, नशीब असेल तर बांगडे. ‘काय गावला?’ एवढा एकच प्रश्न किनाराभर फिरतो. मग वाटे पडतात. जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा. वाटेने जाता जाता कुणी दोराला हात लावला असेल तर त्याच्याही हातावर चार मासे पडतात. समुद्राने दिलेलं एकट्याने नेऊ नये, ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही. छोट्या गावातला माझा मुक्काम मला मोलाचा वाटतो तो या रीतीमुळे. समुद्राचा देखावा त्यानंतर येतो.

ही रीत आता अडचणीत आहे. राज्य सरकारने २०१६ साली मासळीचा अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, पुढच्याच वर्षी केंद्राने एलईडी दिवे लावून मासेमारी करायला बंदी केली. तरी रात्री क्षितिजावर प्रखर उजेड दिसतो, आणि सकाळी रापणीला भरपूर माणसं लागूनही जाळं हलकं येतं. ज्याच्याकडे मोठं यंत्र आहे त्याला मासळी किनाऱ्याजवळ यायची वाट पाहावी लागत नाही. रापणकराला लागते. हा दोन धंद्यांमधला साधा वाद नव्हे. मासळीला अंडी घालायला आणि पिल्लांना वाढायला वेळ द्यायचा की नाही, हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर देण्याइतकाही वेळ आता फार उरलेला नाही.

म्हणून मला ते पावसाळी बंदीचे दिवस जवळचे वाटतात. गाव तेव्हा गप्प नसतं. पडवीत बसून जाळी विणली जातात, फाटलेले डोळे जोडले जातात, बायका मे महिन्यात वाळवून ठेवलेला सुका बांगडा निखाऱ्यावर भाजतात. उकड्या तांदळाची पेज, तो बांगडा आणि लोणच्याची फोड: मालवणचं याहून खरं जेवण मला ठाऊक नाही. मग नारळी पौर्णिमेला धक्क्यावर गर्दी लोटते, समुद्राला नारळ अर्पण होतो, बायापोरं नारळ लढवतात, आणि कर्त्या माणसांची नजर पाण्याच्या रंगावर असते.

कधी जमलं तर जून-जुलैत जरूर या. पाऊस बघा, दशावताराच्या गोष्टी ऐका. फक्त खानावळीत ताज्या सुरमईचा हट्ट धरू नका. इतर महिन्यांतही ताटात पिल्लाएवढा मासा आला तर तो परत करा आणि मालकाला कारण सांगा. गिऱ्हाईक बोललं की मालक ऐकतो.