तेव्हाचे दत्तकपत्र, आताचा फॉर्म

जिल्हा भंडारा होता तेव्हाची गोष्ट. गोंदिया वेगळा झाला 1 मे 1999 ला, त्याच्या पुष्कळ आधीची. आमगावकडच्या आमच्या गावात एखादीला मूल होत नसले की पुढे काय होणार ते सगळ्यांना पाठ असे. आधी नवस. महाशिवरात्रीला प्रतापगडची यात्रा. तिथे महादेवही आणि दर्गाही, गरजवंत दोन्हीकडे डोके टेकवायचा. मग वैदूची मुळी. मग कोणीतरी सासूच्या कानाशी लागायचे आणि दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू व्हायची. पुरुषालाही तपासायचे असते, हे कोणाच्या डोक्यात येत नसे. गोंदियाच्या बाई गंगाबाई रुग्णालयाचे नाव घरोघरी माहीत, पण ते बाळंतपणासाठी.

माझ्या मोठ्या मायला, म्हणजे मोठ्या काकूला, मूल नव्हते. रोवणीच्या दिवसांत बाया गुडघाभर चिखलात वाकून भाताचे परे लावायच्या आणि त्यांची तान्ही पोरे धुऱ्यावरच्या झाडाला जुन्या लुगड्याच्या झोळीत टांगलेली असायची. त्या सगळ्या झोळ्या मोठी माय सांभाळी. एका हाताने एकीला झोका, दुसऱ्या हाताने दुसरीला, पायाने तिसरीची दोरी. ‘हिच्या हातात पोर गेलं की रडायचं थांबते,’ असे बायाच म्हणायच्या. त्याच बाया डोहाळजेवणाला ओटी भरताना मात्र तिला हाक मारत नसत. ती चुलीजवळ बसून वडे तळायची.

पुढे माझा धाकटा भाऊ तिला दत्तक दिला. ‘दिला’ म्हणतो, पण देणारे आणि घेणारे दोघेही पुरुष. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यात लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावाने मूल दत्तक घेता येत नव्हते. घेणार नवरा, बायकोची फक्त संमती. देणार बाप, आईची फक्त संमती. त्या दत्तकपत्रावर मोठ्या मायचा अंगठा आहे आणि माझ्या आईचाही, दोन्ही तळाशी. हे कलम बदलायला 2010 साल उजाडले.

तरीही त्या घराची आठवण गोडच आहे. भाऊ दोन घरचा जावई असल्यासारखा वाढला. सकाळची न्याहारी आमच्याकडे, रात्रीचा भात तिकडे. त्याला दोन आया आहेत याचे आम्हा भावंडांना वैषम्य वाटे, इतकेच. मोठ्या मायने म्हातारपण एकटीने काढले नाही. आता नात्यात असे मूल मिळाले नाही, तर सरकारी पोर्टलवर नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागते.

1986 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून. पेपरात वाचून आमच्या पारावर दिवसभर हसाहशी चालली होती. त्याच्याही आठ वर्षे आधी, 3 ऑक्टोबर 1978 ला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी गोठवून ठेवलेल्या गर्भापासून मुलगी जन्माला घातली होती. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही आणि 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईची बातमी आली तेव्हा मोठ्या मायचे मूल होण्याचे वय उलटून गेले होते. बातमी ऐकून तिने एवढेच विचारले, ‘त्या बाईला किती वर्षं झाली होती लग्नाला?’

त्याच दत्तक गेलेल्या भावाची मुलगी परवा एक कागद घेऊन माझ्याकडे आली. ‘मोठे बाबा, हे वाचून सांगा ना.’ तिचे सासर तिरोड्याचे, नवरा पुण्यात नोकरीला. मूल राहत नव्हते म्हणून नागपूरला उपचार चालले होते. दहा-बारा दिवस पोटावर इंजेक्शने घेतली, भूल देऊन स्त्रीबीजे काढली, आणि ऐन त्या दिवशी नवऱ्याचा नमुना मिळाला नाही. ताण आला की असे होते, डॉक्टरांना त्यात नवल वाटत नाही. गर्भ करता येईना, म्हणून बीजे तशीच गोठवली. पुढे दोघांनी उपचार थांबवले आणि काही महिन्यांत दिवस आपसूकच गेले! मुलगी झाली. बीजे नागपुरात द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांवर, आहेत तशीच. आता दवाखाना विचारतो आहे, पुढे काय करायचे?

स्त्रीबीज ही शरीरातली सर्वांत मोठी पेशी, तरी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढीच. तिच्यात पाणी फार, म्हणून हळूहळू गोठवले की आत बर्फाचे स्फटिक होऊन ती फाटे. आता ती क्षणात काचेसारखी घट्ट करतात. ही पद्धत रुळल्यावर 2012 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला. तरी वितळवल्यावर सगळीच टिकतात असे नाही. आणि गोठवताना बाईचे जे वय, तेच बीजाचे राहते. बाईचे मात्र वाढतच जाते.

बीजांची बातमी तिच्या सासरी फुटली, आणि मला जुने दिवस आठवले. सासू म्हणाली, राहू द्या, पुढल्या खेपेला मुलगा होईल. भासऱ्याने तोडगा काढला: धाकट्या जावेला मूल नाही, तिला देऊन टाका. अगदी माझ्या भावाला दिले तसे! हेतू वाईट नव्हता, पण अशा उपचारांसाठी जानेवारी 2022 पासून लागू असलेल्या कायद्यात हे बसत नाही. बीजदान होते ते नोंदणीकृत बँकेमार्फतच. दात्री 23 ते 35 वयाची, आयुष्यात एकदाच, आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजे घ्यायची नाहीत. विकणे तर गुन्हाच. स्वतःच्या वापरासाठी दुसरीकडे न्यायची, तर त्यालाही राष्ट्रीय मंडळाची परवानगी असा कायद्याचा शब्द आहे. पुण्याला महाराष्ट्र एक्स्प्रेसने डब्यात घालून नेण्याची ही वस्तू नव्हे.

उरते काय? ठेवायची, त्याला कमाल दहा वर्षे, आणि दरवर्षीचे भाडे. वापरायची, बाईच्या पन्नाशीपर्यंत. नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायची. किंवा नष्ट होऊ द्यायची. या शेवटच्या दोन्हीला तिची लेखी संमती लागते. गर्भ गोठवला असता तर नवरा-बायको दोघांचा शब्द लागला असता, आणि संसार मोडला तर पेचच. बीजे तिची एकटीची. उद्या ती एकटी राहिली तरी कायदा तिला ती वापरू देतो.

मी फॉर्म पाहिला. गोठवतानाच तिने एक रकाना भरला होता: मृत्यू आला किंवा शुद्ध हरपली तर काय करायचे. सही तिची, पण खूण कशावर केली ते तिला आठवेना. इंजेक्शनांच्या धावपळीत नर्सने बोट दाखवले तिथे तिने सही केली. हा रकाना किती जड असतो ते 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात दिसले. कर्करोगावरच्या उपचारांत एका अविवाहित तरुणाने वीर्य गोठवले होते आणि मृत्यूनंतर ते नष्ट करावे असे घरच्यांना न विचारता लिहून दिले होते. तो गेल्यावर आई ते मागायला न्यायालयात गेली. सुनावणी होईपर्यंत ते जपून ठेवा, असा आदेश झाला.

पुतणीने अजून ठरवलेले नाही. एक वर्षाचे भाडे भरून तिने मुदत वाढवली आहे. बीजे टाकून द्यायच्या विचाराने तिला रडू येते आणि ठेवायच्या विचाराने दडपण. दोन्ही खरे आहे. भासऱ्याची, सासूची आणि माझीही मते तिने ऐकून घेतली. मुदतवाढीवर सही करायची वेळ आली तेव्हा पेन मात्र स्वतःच्या पर्समधून काढले.

गोंदियाहून, देवरीहून, अर्जुनी मोरगावहून नागपूरला जाणाऱ्या मुलींना एवढेच सांगतो: तो फॉर्म आदल्या दिवशी घरी मागून घ्या, मराठीत नसेल तर मराठीत समजावून मागा, आणि भरलेल्या फॉर्मची प्रत स्वतःजवळ ठेवा. सिमकार्ड बदलले तर नवा नंबर दवाखान्याला आठवणीने कळवा. मुदत संपत आल्याचा निरोप त्याच नंबरावर येतो.