मेंढरांनी बांधलेली गावे

मंडळी, आपल्याकडे धनगराची मेंढरे शेतात बसवली की खत मिळते आणि वर्षाचे घोंगडे होते. पण मेंढरांच्या जिवावर देवळे, वाडे आणि बाजारपेठा उभ्या राहिल्या असे सांगितले तर? इंग्लंडात कॉट्सवोल्ड नावाचा टेकड्यांचा मुलूख आहे. तो एका दिवसात मोटारीने बघून होतो. भाचा तिकडे नोकरीला, गाडी त्याची. जूनचा महिना असल्याने रात्री नऊपर्यंत उजेड.

सकाळी ऑक्सफर्ड सोडले. वीसएक मैलांवर बर्फर्ड लागते. तिथून पुढे सगळी घरे एकाच रंगाची, गुळाच्या ढेपेसारखी पिवळसर. दगड तिथलाच, आणि छपरावर कौलांऐवजी दगडाच्याच चिपा. शेतांच्या बांधांना चुना-माती न लावता रचलेले गडगे. गाडी थांबवून मी एक गडगा हाताने हलवून पाहिला. हलला नाही!

बिबरीला ओढ्याकाठी बुटक्या घरांची एक रांग आहे. १३८० च्या सुमारास ती मठाची लोकर ठेवायची वखार होती, पुढे सतराव्या शतकात तिची विणकरांची घरे झाली. आज फोटो काढणाऱ्यांची एवढी झुंबड, की दाराबाहेर पाऊल टाकणे मुश्कील. आम्ही फार थांबलो नाही.

नॉर्थलीचचे चर्च मात्र सावकाश बघा. गाव लहान, पण चर्च शहराला शोभावे असे. जॉन फोर्टी नावाच्या लोकर-व्यापाऱ्याने त्यासाठी पैसा ठेवला. तो १४५८ साली वारला. त्याच्या थडग्यावरच्या पितळी पत्र्यात त्याची आकृती कोरली आहे, आणि पायाखाली काय? एक मेंढी आणि लोकरीचे पोते. पैसा कुठून आला ते त्याने लपवले नाही. ज्याने मेंढरे राखली त्याचे नाव मात्र तिथे सापडत नाही.

इथली लोकर तेव्हा पार इटलीपर्यंत जाई. मेंढीची जातही देखणी, कपाळावर लांब झुलपे लोंबणारी. आज ती दुर्मिळ झाली आहे. स्टो गावच्या एकेका जत्रेत वीस हजारांवर मेंढरे विकली जात, असे डॅनियल डीफोने अठराव्या शतकात लिहून ठेवले. चौकाकडे येणारे बोळ इतके अरुंद, की मेंढरू एकामागे एकच जावे. मोजदाद सोपी व्हावी म्हणून ते तसे ठेवले, असे सांगतात.

आणि ते सुंदर गडगे? त्यांतले पुष्कळसे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले आहेत. पार्लमेंटने कायदे करून गावोगावची सामाईक राने आणि पट्टे वाटून दिले, कुंपणे पडली. ज्याची एक गाय गायरानावर चरत होती, त्याची गाय गेली आणि तो मजूर झाला. हे कळल्यावर गडग्यांकडे बघण्याची नजर बदलते.

वाटेत सेझिनकोट नावाचा वाडा आहे. वर कांद्यासारखा घुमट, खाली मोगली कमानी! कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात राहून आलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी तो १८०५ च्या सुमारास उभारला गेला. परमुलखात आपल्याकडचा घुमट बघून आनंद व्हावा की राग यावा, मला ठरवता आले नाही.

शेवटी चिपिंग कॅम्पडन. चिपिंग म्हणजे बाजार. १६२७ साली बांधलेला बाजाराचा मंडप अजून उभा आहे. लोणी, चीज, कोंबड्या विकणाऱ्यांना पाऊस लागू नये म्हणून तो बांधला होता. फरशी पावलांनी झिजून खालीवर झालेली.

तिथे बाकावर एक म्हातारा शेतकरी भेटला. लोकरीला काय भाव, मी विचारले. तो हसला. कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही, मेंढ्या आता मटणासाठीच, म्हणाला. आणि पोरगा? तो बारा मैलांवर राहतो. या गावातले घर शेतीच्या पैशात घेणे त्याला जमले नाही. मग त्याने मला विचारले, तुमच्याकडे लोकर कोण घेतो? मी घोंगड्याचे सांगितले. घोंगडे म्हणजे काय हे हातवाऱ्यांनी समजावण्यात अर्धा तास गेला आणि आम्हाला परतायला उशीर झाला.